‘क्विझ’ हा शब्द खरंच डब्लिनच्या भिंतींवर जन्मला का?



‘प्रश्नमंजूषा सोडवा आणि आकर्षक प्रमाणपत्र मिळवा’ अशी लिंक आठवड्यातून एकदा तरी आपल्या ग्रुपवर येतेच. पर्यावरण दिन असो, मराठी भाषा गौरव दिन असो नाहीतर बालिका दिन, लिंक ठरलेली. लिहिताना आपण ‘प्रश्नमंजूषा’ लिहितो, पण बोलताना? ‘अहो, ती क्विझ सोडवली का?’ असंच विचारतो. पाचवीतलं पोर घरी जाऊन ‘आज आमची क्विझ होती’ म्हणून सांगतं आणि आजीलाही ते कळतं. इतका हा शब्द आपल्यात मिसळला आहे.

आज या शब्दाबद्दल लिहायचं कारण म्हणजे मी स्वतः त्याच्याबद्दल कितीतरी वर्षं चुकीचं शिकवलं. इंग्रजीचा तास घेणाऱ्या बऱ्याच जणांनी ते शिकवलं असेल, आणि पालकांनी ते मोबाईलवर वाचून पुढे पाठवलं असेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट अशी सांगतात. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात रिचर्ड डॅली नावाचा एक नाटक कंपनीचा व्यवस्थापक होता. साल १७९१. मित्रांबरोबर बसलेला असताना त्याने पैज लावली की ज्याला काहीही अर्थ नाही असा एक शब्द मी चोवीस तासांत सगळ्या शहराच्या तोंडी करून दाखवतो. मित्र हसले. रात्री नाटक सुटल्यावर त्याने आपल्या थिएटरातल्या माणसांना खडू देऊन गावभर पाठवलं आणि भिंतीभिंतीवर, दारादारावर चार अक्षरं लिहून घेतली : क्यू, यू, आय, झेड. सकाळी लोक उठून बघतात तर जिथं तिथं ‘क्विझ’! हे काय? याचा अर्थ काय? ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न. डॅली पैज जिंकला आणि लोक ज्याच्याबद्दल प्रश्न विचारत सुटले, त्या शब्दाचा अर्थच ‘प्रश्न विचारणे’ असा झाला.

आहे की नाही झकास गोष्ट? वर्गात ही गोष्ट कधीच वाया जात नाही. पैज आहे, रात्र आहे, भिंतींवर लिहिण्याचा खोडसाळपणा आहे. मागच्या बाकावरचीसुद्धा पुढे सरकून ऐकतात. मी दहा-बारा वर्षं ही गोष्ट खरी म्हणून सांगत आले. फळ्यावर १७९१ साल लिहून, त्याखाली रेघ मारून.

मग एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. एरवी ती फारसं बोलायची नाही. म्हणाली, ‘‘बाई, पण हे लिहून कुणी ठेवलं? त्या दिवशी तिथं कोण होतं?’’ मी म्हटलं, ‘‘अगं, पुस्तकात आहे.’’ तर ती म्हणाली, ‘‘कुठल्या?’’

मला पुस्तकाचं नाव सांगता आलं नाही. कारण मी पुस्तक बघितलंच नव्हतं. कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेलं, मग कुठल्याशा दिवाळी अंकाच्या चौकटीत वाचलेलं, झालं. ‘उद्या सांगते’ म्हणून वेळ मारून नेली, आणि तो उद्या यायला बरेच दिवस लागले.

शोधल्यावर काय हाती लागलं ते सांगते.

डॅली हा माणूस खरा होता. डब्लिनमध्ये स्मॉक ॲली नावाचं थिएटर तो चालवायचा, तेही खरं. पैजेची ही गोष्ट बेंजामिन स्मार्ट यांनी काढलेल्या एका इंग्रजी शब्दकोशात सापडते, पण त्या कोशाचं साल आहे १८३६. म्हणजे घटना घडली असं म्हणतात त्यानंतर तब्बल पंचेचाळीस वर्षांनी. पंचेचाळीस वर्षांत गोष्टीला किती पाय फुटतात ते आपल्या गावाकडच्या भुताच्या गोष्टींवरून सगळ्यांना माहीत आहे.

तरी एक वेळ म्हणू, उशिरा लिहिली म्हणून काय खोटी ठरते का? नाही. पण खरी अडचण वेगळी आहे. फॅनी बर्नी नावाच्या इंग्रज कादंबरीकार होत्या. त्यांच्या रोजनिशीत जून १७८२ च्या एका नोंदीत हा शब्द आलेला आहे. एका गमतीशीर माणसाला त्यात ‘क्विझ’ म्हटलेलं आहे. १७८२ म्हणजे डॅलीच्या त्या रात्रीच्या नऊ वर्षं आधी! जो शब्द लोक आधीच वापरत होते, तो डॅलीने १७९१ मध्ये जन्माला कसा घातला?

आता कुणी म्हणेल, शब्द आधीचा असेल, डॅलीने नुसता गावभर केला असेल. असेल बापडा. पण मग गोष्टीतला कणाच मोडला ना! ‘अर्थ नसलेला शब्द’ ही तर पैजेची अट होती.

आणि या सगळ्यात माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. बर्नीबाईंच्या त्या नोंदीत ‘क्विझ’चा प्रश्नांशी काडीचाही संबंध नाही.

मग ‘क्विझ’ म्हणजे काय होतं?

अठराव्या शतकाच्या शेवटी ‘क्विझ’ म्हणजे विचित्र माणूस. जरा विक्षिप्त, चारचौघांत उठून दिसणारा, ज्याच्याकडे बघून लोक गालातल्या गालात हसतात असा. आपल्याकडे ‘नमुना आहे नुसता’ म्हणतो ना, अगदी तसं. माणसासारखंच वस्तूलाही म्हणायचे. जेन ऑस्टिन यांच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत एक उर्मट तरुण आपल्या सख्ख्या आईच्या टोपीला ‘क्विझ’ म्हणतो. म्हणजे काय तर, आई, हे काय ध्यान डोक्यावर घातलंस! ती कादंबरी १८१७ च्या अखेरीस छापून आली. म्हणजे तोपर्यंत तरी वाचकांना हा अर्थ सहज कळत होता.

नामाचं क्रियापद व्हायला इंग्रजीत वेळ लागत नाही. ‘क्विझ करणे’ म्हणजे एखाद्याची टर उडवणे, थट्टा करणे, फिरकी घेणे. त्या काळात श्रीमंतांमध्ये दांडी असलेलं एकाच काचेचं भिंग मिरवायची फॅशन होती. डोळ्यासमोर धरायचं आणि समोरच्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचं. त्या भिंगाला ‘क्विझिंग ग्लास’ म्हणत. बघणारा नुसतं बघत नसे, मापं काढत असे. आपल्या गावच्या पारावरून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तसं बघायला भिंग लागत नाही एवढाच फरक.

याच काळात, १७९० च्या आसपास, ‘क्विझ’ नावाचं एक खेळणंही निघालं होतं. दोरीवर वर-खाली जाणारी लाकडी चकती, म्हणजे आजच्या यो-योचा आजोबा. मोठी माणसंही ते खेळत. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला आर्थर वेलस्ली तरुणपणी डब्लिनच्या आयरिश पार्लमेंटचा सदस्य होता. तेव्हा एका समितीच्या बैठकीत तो सारखी ती ‘क्विझ’ वर-खाली करत बसायचा, अशी आठवण त्याच समितीतल्या लॉर्ड प्लंकेट यांनी नंतर सांगितली. हा वेलस्ली म्हणजे कोण? १८०३ मध्ये आपल्या आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तोच. इतिहासाचे शिक्षक असाल तर असईचा धडा शिकवताना हे जरूर सांगा, मुलं वेलस्लीला विसरणार नाहीत.

बघा, डब्लिन शहर, १७९० चं दशक, आणि गावभर ‘क्विझ’चं वेड. फक्त ते भिंतीवरच्या अक्षरांचं नाही, दोरीवरच्या चकतीचं. डॅलीच्या गोष्टीला या वेडातून खतपाणी मिळालं असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण हा माझा तर्क झाला, तो फळ्यावर लिहू नका.

चेष्टेतून चाचणीकडे

मग विचित्र माणसापासून प्रश्नांपर्यंत हा शब्द पोचला कसा?

हा प्रवास झाला अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि तोही शाळा-कॉलेजांत. तोंडी प्रश्न विचारून विद्यार्थ्यांची तयारी करून घेण्याला तिथे ‘क्विझ’ म्हणायला लागले. पुढे प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ झालेले विल्यम जेम्स तरुणपणी वैद्यकीचा अभ्यास करत होते. १८६७ च्या एका पत्रात, पोट भरायला काय काय करता येईल याचा विचार करताना त्यांनी शरीररचनाशास्त्राच्या ‘क्विझ’ घेण्याचा उल्लेख केला आहे. म्हणजे आपल्या भाषेत, शिकवण्या! त्या काळी फिलाडेल्फियासारख्या शहरांत मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी ‘क्विझ क्लास’ चालत आणि तिथल्या मास्तरांना ‘क्विझ मास्टर’ म्हणत. आज सूटबूट घालून स्टेजवर उभा राहणारा क्विझ मास्टर हा मुळात कोचिंग क्लासचा सर होता. हे वाचून मला फार बरं वाटलं, का ते सांगत नाही.

अर्थ असा का बदलला असावा याबद्दल अभ्यासक दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे इंग्रजीत ‘इन्क्विझिटिव्ह’ असा शब्द आधीपासून होता. त्याचा अर्थ चौकस, खोदून खोदून विचारणारा. त्याच्या पोटात ‘क्विझ’ हा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो. दोन वेगळ्या शब्दांचे आवाज जुळले की अर्थही हळूहळू एकमेकांकडे सरकतात. दुसरी गोष्ट तर आपल्याला वर्गातच दिसते. सगळ्यांसमोर उभं करून कुणाला प्रश्नामागून प्रश्न विचारणं आणि त्याची फिरकी घेणं यात अंतर किती? विद्यार्थ्यांच्या बाजूने बघितलं तर फारसं नाही.

लॅटिनमधली एक व्युत्पत्तीही सांगतात. जुन्या इंग्लंडमधल्या शाळांत तोंडी परीक्षेला पहिला प्रश्न लॅटिनमध्ये ‘क्विस एस?’ म्हणजे ‘तू कोण?’ असा असायचा, त्यावरून ‘क्विझ’ आला म्हणे. ऐकायला बरं वाटतं. पण मग सुरुवातीची शंभर-पाऊणशे वर्षं शब्दाचा अर्थ ‘विचित्र माणूस’ का होता, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. म्हणून मोठमोठे शब्दकोश या शब्दापुढे सरळ ‘मूळ अनिश्चित’ असं लिहितात. मला हे आवडतं. शंभर लोकांनी मिळून केलेला कोशसुद्धा ‘माहीत नाही’ लिहितो, आणि आपल्याला मात्र वर्गात तसं म्हणायची लाज वाटते.

विसाव्या शतकात रेडिओ आला आणि ‘क्विझ’ वर्गातून घराघरात गेली. अमेरिकन रेडिओवर १९३६ मध्ये ‘प्रोफेसर क्विझ’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, मग टीव्हीवर बक्षिसांच्या रकमा वाढत गेल्या. आणि इथे एक असा प्रसंग घडला की शब्दाचा जुना अर्थ पुन्हा जागा झाला. ‘ट्वेंटी वन’ नावाच्या कार्यक्रमात १९५६ च्या डिसेंबरात चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा देखणा तरुण हर्बर्ट स्टेम्पेल या विजेत्याला हरवून पुढे आला आणि आठवड्यामागून आठवडे जिंकत गेला. तो कोलंबिया विद्यापीठात शिकवायचा, इंग्रजीच. सगळा देश त्याला विद्वान म्हणून डोक्यावर घेऊन नाचला. पालक मुलांना सांगायचे, असं व्हा. पण त्याला उत्तरं आधीच पुरवलेली होती. विचार करताना कपाळाला आठ्या घालायच्या, घाम टिपायचा, हेसुद्धा पढवलेलं. आणि स्टेम्पेलला हरायला सांगितलेलं होतं. १९५५ चा सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर कुणाला, या प्रश्नाचं बरोबर उत्तर, ‘मार्टी’, त्याला येत होतं. मुद्दाम चुकीचं द्यायला लावलं. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर सगळं कबूल केलं. त्याची नोकरी गेली, आणि पुढच्या वर्षी असे कार्यक्रम आतून ठरवून करणं कायद्याने गुन्हा ठरलं.

‘क्विझ’चा एक जुना अर्थ ‘बनवाबनवी’ असाही होता. लाखो प्रेक्षकांची अक्षरशः ‘क्विझ’ झाली!

आपल्याकडचा इतिहास त्या मानाने साधासरळ आहे. १९६७ मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी पहिली खुली प्रश्नमंजूषा भरवली. १९७२ मध्ये रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट सुरू झाली. हमीद सयानी सादर करायचे, आणि १९७५ मध्ये ते गेल्यावर धाकटे बंधू अमीन सयानी. माझ्या वयाच्या वाचकांना दूरदर्शनवरचा सिद्धार्थ बासूंचा ‘क्विझ टाइम’ आठवेल, तो १९८५ चा. मग २००० च्या जुलैत ‘कौन बनेगा करोडपती’, आणि २०१३ मध्ये सचिन खेडेकरांचं ‘कोण होईल मराठी करोडपती’. तेव्हा कुठे आमच्या मुलांना कळलं की क्विझ मराठीतही होते.

‘क्वेश्चन’शी नातं आहे का?

मुलं हमखास विचारतात की क्विझ आणि क्वेश्चन दोन्ही ‘क्यू’चे, मग दोघं भाऊ का? तर नाही. निदान तसा पुरावा नाही. ‘क्वेश्चन’चं कूळ मात्र स्वच्छ माहीत आहे. लॅटिनमध्ये ‘क्वेरेरे’ असं एक क्रियापद होतं. अर्थ, शोधणे, मागणे, विचारणे. त्यातून ‘क्वेश्चन’ आला, ‘क्वेस्ट’ म्हणजे शोध आला, ‘एन्क्वायरी’ म्हणजे चौकशी, ‘रिक्वेस्ट’ म्हणजे विनंती. ‘क्वेरी’ तर त्याच्या आज्ञार्थी रूपातून आला, म्हणजे ‘विचार!’ असा हुकूमच. मुलांना ‘काँकर’ म्हणजे जिंकणे आणि ‘अक्वायर’ म्हणजे मिळवणे हेही याच घरातले म्हटल्यावर आश्चर्य वाटतं. शोधत गेलं की मिळतं आणि जोर लावून मिळवलं की जिंकलं, असा तो अर्थ सरकत गेला.

याच घरातला एक शब्द आपल्या शेजारी, गोव्यात, अडीचशे वर्षं नांदून गेला. ‘इन्क्विझिशन’. पोर्तुगीजांनी १५६० मध्ये गोव्यात हे धर्मन्यायालय बसवलं आणि मधली काही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. शब्दाचा अर्थ नुसता ‘चौकशी’. पण ती चौकशी कुणी केली आणि कुणाची केली, यावर त्या शब्दाला आलेला रंग ठरला.

आपल्या मराठीकडे वळलं तर आणखी मजा आहे. ‘प्रश्न’ हा संस्कृतातल्या ‘प्रच्छ्’ धातूतून आला. जर्मनमधलं विचारणे या अर्थाचं ‘फ्रागेन’ आणि इंग्रजीतलं प्रार्थना करणे या अर्थाचं ‘प्रे’ हे त्याचे लांबचे चुलत भाऊ आहेत. म्हणजे कुठे प्रश्न झाला, कुठे प्रार्थना. ‘पृच्छा’ याच धातूची, आणि प्राकृतातून घासून-पुसून आलेलं ‘पुसणे’ही. फळा पुसणे ते वेगळं हो, त्याचं मूळ दुसरं. विचारणे या अर्थाचं ‘पुसणे’ आज एकटं फारसं ऐकू येत नाही, पण ‘त्याला कुणी पुसत नाही’ असं आपण म्हणतोच.

आणि ‘विचारणे’? हा तर मला आपल्या भाषेतला दागिनाच वाटतो. हिंदीत ‘विचारना’ म्हणजे विचार करणे. गुजरातीतही ‘विचारवुं’ म्हणजे विचार करणे. प्रश्न विचारायला हिंदीत ‘पूछना’ आणि गुजरातीत ‘पूछवुं’ असा वेगळा शब्द आहे. मराठीत मात्र विचार मनात केला तरी ‘विचार’, आणि दुसऱ्याला प्रश्न केला तरी ‘विचारणे’. इयत्ता चौथीच्या पोरालाही न शिकवता हे दोन्ही वापरता येतं.

पण विचारण्याची तऱ्हा पाहा. ‘जाब विचारणे’ वेगळं, ‘झाडाझडती घेणे’ वेगळं, ‘तुला कोण विचारतो!’ वेगळं. आणि आजारी माणसाच्या घरी जाऊन करतो ती ‘विचारपूस’ वेगळी. या एका शब्दात ‘विचारणे’ आणि ‘पुसणे’ दोन्ही हातात हात घालून बसलेत. विचारपुशीत बरोबर किंवा चूक उत्तर नसतं, आणि समोरचा काय सांगतोय ते शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

हे सगळं शोधत असताना मला एक जुना प्रसंग सारखा आठवत राहिला. लिहू की नको, असं दोनदा वाटलं.

आमच्या शाळेत गटवार प्रश्नमंजूषा होती आणि माईक माझ्या हातात होता. पाचवीतल्या एका मुलाला मी महाराष्ट्राची उपराजधानी विचारली. तो म्हणाला, पुणे. मी माईकवरूनच म्हटलं, ‘‘अरे वा, नागपूर पुण्यात कधी नेलंस? बसने की ट्रकने?’’ सगळा हॉल हसला. मीही हसले. त्यानंतर तो वर्षभर कुठल्याही तासाला हात वर करेनासा झाला. ते माझ्या लक्षातही आलं नाही. पालकसभेला त्याची आई आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही त्याला प्रश्न विचारला होता की त्याची चेष्टा केली होती? तो मला विचारतो, मला सांगता येत नाही.’’

मी काहीतरी सारवासारव केली. ‘अहो, गमतीत म्हटलं’ वगैरे. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला दुसऱ्या शाळेत घातलं. कारण घर बदललं हेच सांगितलं, पण मला जे कळायचं ते कळलं. ‘क्विझ’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ मी एकाच वाक्यात करून दाखवले होते, आणि तेही शब्दकोश न उघडता.

आता वर्गात हे कसं घ्यायचं

डॅलीची गोष्ट मी टाकून दिलेली नाही. उलट आता जास्त रंगवून सांगते. फक्त सांगून झाल्यावर फळ्यावर तीन सालं लिहिते : १७८२, १७९१, १८३६. पहिल्यापुढे ‘रोजनिशीत शब्द’, दुसऱ्यापुढे ‘पैज’, तिसऱ्यापुढे ‘कोशात गोष्ट’. आणि विचारते, यात काय खटकतं? जोड्या करून बोलायला पाच मिनिटं देते. मध्ये काही सांगत नाही. पाचवीला जड जातं, सहावी-सातवीला बरोबर जमतं. पालकांनाही घरी करता येईल. ग्रुपवर आलेली कुठलीही ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाची पोस्ट घ्या आणि मुलांना विचारा की यातलं काय तपासता येईल? साल आहे का? माणसाचं नाव आहे का? आधी कुणी लिहिलं?

स्पेलिंगही याच तासाला उरकून घ्या. ‘क्विझ’मध्ये एक झेड, पण अनेकवचन करताना, आणि ‘क्विझिंग’ लिहिताना दोन. मुलं विचारतात की आधी यू आणि आय असे दोन स्वर आहेत, मग झेड दुप्पट का? कारण क्यूनंतरचा यू इथे स्वर नसतोच, तो ‘व’चं काम करतो. म्हणजे खरा स्वर एकटा आय, आणि एक ऱ्हस्व स्वर व एक व्यंजन असा शेवट असेल तर व्यंजन दुप्पट, हा ‘रनिंग’चा नेहमीचा नियम लागू. मराठीत मात्र आपण ‘झ’ लिहून मोकळे होतो. हिंदीवाले ‘ज’खाली नुक्ता देतात, आपल्याला त्याची गरज पडत नाही.

त्या सातवीतल्या मुलीला मी शेवटी सगळं सांगितलं. १८३६, १७८२, सगळं. आणि मी दहा वर्षं चुकीचं सांगत होते, तेही. तिने वहीत लिहून घेतलं. तिच्या शेजारचा एक मुलगा बराच वेळ फळ्यावरच्या सालांकडे बघत होता. तो म्हणाला, ‘‘बाई, म्हणजे त्या डॅलीने पैज लावताना फसवलंच की. शब्द त्याला आधीच माहीत असणार.’’ त्यावर ती वहीतून मान वर न करता म्हणाली, ‘‘पैज लावली होती हे तरी कुठं माहितेय?’’